जन्म आणि जावक क्रमांक

सरकारी कचेरीत दहा-बारा वर्षे घालविली, की माणसास कागद वाचण्याची एक विचित्र खोड जडते. हाती आलेला कागद तो वरून खाली वाचीत नाही. आधी खालची सही पाहतो, मग वरचा जावक क्रमांक आणि तारीख पाहतो, मग हा कागद कोणत्या अधिकाराने निघाला त्याचा शोध घेतो. आणि या तिन्ही गोष्टींनी समाधान झाले तरच मजकुराकडे वळतो. लग्नपत्रिकादेखील आम्ही याच क्रमाने वाचतो असा आमच्या घरातून आमच्यावर आरोप होतो, आणि तो सर्वस्वी निराधार आहे असे म्हणण्याची आमची छाती नाही. परंतु या खोडीचा एक लाभही आहे. जगातील पुष्कळशी भांडणे मजकुरावरून चालली आहेत असे वरवर दिसते. थोडे खोल पाहिले म्हणजे ती अधिकारावरून चाललेली असतात.

अमेरिकेत जन्मसिद्ध नागरिकत्वावरून जो वाद माजला, तो याच जातीचा. २० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेतली, आणि त्याच दिवशी त्यांनी जे आदेश काढले त्यांत एक या विषयाचा होता. त्याचा क्रमांक १४१६०. आदेशाच्या तारखेपासून तीस दिवसांनंतर अमेरिकेच्या भूमीवर जन्मणाऱ्या बालकांपैकी दोन प्रकारच्या बालकांना नागरिक मानू नये, असे त्यात म्हटले होते. पहिला प्रकार, आई देशात बेकायदा राहणारी आणि बाप नागरिक नाही व कायम वास्तव्याचा परवानाधारकही नाही. दुसरा प्रकार, आईचे वास्तव्य कायदेशीर, परंतु विद्यार्थिनी, नोकरदार किंवा प्रवासी म्हणून तात्पुरते. आणि बाप पहिल्यासारखाच. हा दुसरा प्रकार वाचताना आपल्याकडील किती घरांत काळजाचे ठोके चुकले असतील! एच-१बी व्हिसावर गेलेल्या संगणक अभियंत्यांची दांपत्ये त्यातच मोडतात. ठरलेल्या तारखेच्या आत मूल जन्मावे म्हणून काही भारतीय माता मुदतीपूर्वीच शस्त्रक्रियेने प्रसूत होऊ पाहत आहेत, अशी वृत्ते त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून आली. कागदावरची तारीख गर्भातल्या जिवापर्यंत पोहोचली ती अशी.

आम्ही मात्र आमच्या खोडीप्रमाणे प्रथम हे पाहिले, की हा आदेश कोणास उद्देशून आहे. बालकास उद्देशून तो नाही. तसा तो असू शकतही नाही. मातापित्यांसही उद्देशून नाही. तो आहे सरकारी खात्यांस. अशा बालकाचे नागरिकत्व मान्य करणारे कागदपत्र कोणत्याही खात्याने देऊ नयेत आणि इतरांनी दिलेले असे कागदपत्र स्वीकारू नयेत, हा त्याचा गाभा आहे. परराष्ट्र खाते, अंतर्गत सुरक्षा खाते, सामाजिक सुरक्षा कार्यालय यांच्या प्रमुखांनी आपापले नियम त्याप्रमाणे जुळवून घ्यावेत असे पुढे सांगितले आहे. म्हणजे काय? म्हणजे हा आदेश अखेर आमच्यासारख्या माणसाच्या टेबलावर येऊन थांबतो. "तू या देशाचा नाहीस" हे वाक्य त्या बालकास कोणीही मोठा माणूस तोंडावर सांगणार नाही. खिडकीआडचा एक कारकून त्याच्या बापाचा अर्ज परत करील, आणि त्या परत आलेल्या अर्जातून ते वाक्य घरी जाईल.

ज्या कलमाच्या आधारे हा अर्ज आजवर मंजूर होत आला, त्याचा इतिहास आपल्या वाचकांस थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १८५७ साली ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की आफ्रिकन वंशाचा मनुष्य, मग तो त्या भूमीवर जन्मलेला का असेना, त्या देशाचा नागरिक होऊ शकत नाही. पुढे यादवी युद्ध झाले, लाखो माणसे मेली, गुलामगिरी गेली. १८६६ साली तेथील संसदेने, म्हणजे काँग्रेसने, देशात जन्मलेल्यांस नागरिकत्व देणारा कायदा केला. त्या वेळचे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. या कायद्याने चिनी आणि जिप्सी लोकही नागरिक होतील, हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक होता. काँग्रेसने त्यांचा नकार बाजूस सारून कायदा मंजूर केला. आणि उद्या दुसरी काँग्रेस येऊन हाच कायदा रद्द करील या भयाने तीच गोष्ट घटनेत घालण्याचे ठरविले. १८६८ साली संमत झालेली चौदावी दुरुस्ती ती हीच. अमेरिकेत जन्मलेल्या किंवा तेथे नागरिकत्व मिळविलेल्या आणि तिच्या अधिकारक्षेत्रास अधीन असलेल्या सर्व व्यक्ती अमेरिकेच्या नागरिक आहेत, असा तिचा आशय.

येथे एक बारकावा विसरू नये. हे कलम घटनेत घालण्यामागे हेतूच असा होता, की नागरिक कोण हा प्रश्न दर निवडणुकीगणिक नव्याने सोडविला जाऊ नये. आणि विरोधकांस त्याचे परिणाम ठाऊक नव्हते असेही नाही. सिनेटमधील चर्चेत पेनसिल्व्हेनियाच्या कॉवन यांनी चिनी लोकांची मुले नागरिक होणार काय, असा सरळ प्रश्न केला. कॅलिफोर्नियाचे कॉनेस यांनी उत्तर दिले, की होय, होतील, आणि तसेच व्हावे. हे कॉनेस स्वतः आयर्लंडात जन्मलेले होते. दूरदेशी येऊन वसलेल्या मनुष्यास पाळण्यातल्या मुलाचा हक्क किती महत्त्वाचा वाटतो, हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नसावे.

सर्व वाद आता "अधिकारक्षेत्रास अधीन" या शब्दांवर येऊन ठेपतो. सरकारपक्षाचे म्हणणे असे, की येथे अधीन म्हणजे नुसते पोलिसाच्या शिटीस अधीन नव्हे, तर पूर्ण निष्ठेने अधीन. आणि जो तात्पुरता किंवा चोरून आला त्याची तशी निष्ठा कोठून असणार? हे कलम मुक्त झालेल्या गुलामांसाठी होते, प्रसूतीपुरते विमानाने येऊन जाणाऱ्यांसाठी नव्हते, असेही ते म्हणतात. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उलट पक्ष म्हणतो, की अधीन म्हणजे कायद्याच्या कक्षेत असणारा. परकीय वकिलातीतील अधिकाऱ्यांची मुले, चालून आलेल्या शत्रुसैन्याची मुले आणि त्या काळी स्वतंत्र मानल्या जाणाऱ्या आदिवासी जमाती, एवढेच त्यास अपवाद. या शेवटच्या अपवादाची किंमत जबर होती. १८८४ साली जॉन एल्क या आदिवासी गृहस्थाचा मतदानाचा हक्क न्यायालयाने याच शब्दांवर बोट ठेवून नाकारला, आणि सर्व आदिवासींस नागरिकत्व मिळण्यास १९२४ साल उजाडावे लागले.

या शब्दांची खरी कसोटी लागली ती वाँग किम आर्क या आचाऱ्याच्या खटल्यात. सॅन फ्रान्सिस्कोत १८७३ साली चिनी मातापित्यांच्या पोटी जन्मलेला हा मनुष्य. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांस अमेरिकेचे दार बंद झाले होते. १८९५ साली चीनला जाऊन परत येताच बंदरावरील अधिकाऱ्याने त्यास उतरू दिले नाही. तू नागरिक नाहीस, असा शेरा पडला. जाण्यापूर्वी त्याने आपण येथेच जन्मलो असे सांगणारे निवेदन गोऱ्या गृहस्थांच्या सह्यांनिशी करून ठेवले होते. तरीही कित्येक महिने तो बंदरातील जहाजांवर अडकून पडला. २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की तो जन्माने नागरिक आहे. न्यायमूर्ती ग्रे यांनी लिहिलेला हा निकाल आज सव्वाशे वर्षांहून जुना झाला. वाँगचे मातापिता तेथे स्थायिक होते, तात्पुरते नव्हते, म्हणून तो निकाल आमच्या आड येत नाही, असे आता सरकारपक्ष म्हणतो. असो. आम्हांस त्या खटल्यातील बंदरावरचा तो अधिकारी अधिक आठवतो. त्याने कायदा मोडला नव्हता. वरून आलेल्या धोरणाप्रमाणे तो वागला होता. वाँगच्या आयुष्यातील ते महिने मात्र कोणत्याही निकालाने परत दिले नाहीत.

जन्माचा हक्क आणि मेहेरबानीचा हक्क यांतील अंतर पाहायचे असेल, तर आपल्याच लोकांचे उदाहरण आहे. सखाराम गणेश पंडित हे नाव मराठी कानास परके वाटू नये. हे अहमदाबादेस जन्मलेले गृहस्थ अमेरिकेस गेले, १९१४ साली तेथील नागरिक झाले आणि कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थाची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडणारे वकील हेच. थिंड अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले. परंतु १९२३ साली न्यायालयाने ठरविले, की हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने "गोरा" नव्हे, सबब त्यास अर्ज करून नागरिक होता येणार नाही. त्यानंतर सरकारने पूर्वी नागरिक झालेल्या हिंदी लोकांचे दाखलेही रद्द करण्याचा सपाटा लावला. खुद्द पंडितांवरही दावा आला. ते वकील होते, हिकमती होते. अपिलाच्या न्यायालयात १९२६ साली ते जिंकले. ज्यांच्यापाशी तेवढी विद्या नव्हती त्यांचे दाखले गेले. पण त्याच भूमीवर जन्मलेल्या हिंदी मुलांचे नागरिकत्व या निकालाने हिरावले गेले नाही. कारण ते कोणी दिलेले नव्हते. एका चिनी आचाऱ्याने लढून राखलेले कुंपण त्यांच्या पाळण्याभोवती उभे होते.

आपल्याकडे हा प्रश्न आला नाही असे कोणी समजू नये. २९ एप्रिल १९४७ रोजी घटना समितीत मूलभूत हक्कांच्या मसुद्यातील नागरिकत्वाचे कलम आले, तेव्हा त्यात जन्म आणि अधिकारक्षेत्र ही अमेरिकन पद्धतीचीच शब्दरचना होती. सरदार पटेलांनी त्या वेळी व्यापक आणि संकुचित अशा दोन राष्ट्रीयत्वांतील भेद दाखविला. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या हिंदी लोकांसाठी आपण तेथील नागरिकत्व मागतो, मग स्वतः संकुचित दृष्टी धरणे आपणांस शोभत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे ऑगस्ट १९४९ मध्ये पाचवे कलम चर्चेस आले. अन्य एका कलमाचा अपवाद सोडल्यास मसुदा समितीस इतकी डोकेदुखी कोणत्याही कलमाने दिली नाही, असे डॉ. आंबेडकरांनी सांगितले. विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी त्यावर कडक टीका केली. प्रवासात विमान मुंबईस दोन तास थांबले आणि तेवढ्यात एखादी बाई प्रसूत झाली, तर ते मूल भारतीय होणार काय? असे झाल्यास भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त ठरेल, असे ते म्हणाले. त्यांनी सुचविलेल्या पर्यायात धर्माचाही आधार होता, आणि समितीने तो स्वीकारला नाही. कलमात जन्माबरोबर अधिवासाची अट होतीच. तथापि विमानातील त्या काल्पनिक मातेस आम्ही विसरू शकत नाही. शाहत्तर वर्षांनी तीच माता वॉशिंग्टनच्या चर्चेत पुन्हा अवतरली.

मात्र आपल्या घटनेने एक मार्ग निराळा धरला. कायमचा कायदा करणे तिने संसदेवर सोपविले. १९५५ च्या अधिनियमाने भारतात जन्मणाऱ्यास, वकिलातींसारखे अपवाद वगळून, नागरिक मानले. पुढे संसदेनेच ते दार दोनदा अरुंद केले. १ जुलै १९८७ पासून जन्मणाऱ्याच्या मातापित्यांपैकी एक तरी नागरिक असला पाहिजे; आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक असावेत, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. आमच्या घरापुरते बोलायचे, तर आमचे वडील बंधू १९८५ चे, आम्ही १९९० चे, आणि आमची कन्या बदलीच्या गावी, शिलाँगला, २०१९ साली जन्मलेली. म्हणजे दिवाळीस एका पंगतीत बसणारी तीन माणसे नागरिकत्वाच्या तीन निरनिराळ्या नियमांखाली जेवतात! बंधूंस जन्माचा दाखला पुरे. आम्हांस त्यासोबत आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचे नागरिकत्व दाखवावे लागेल. आणि त्या पाच-सहा वर्षांच्या पोरीस स्वतःचे असे काहीच सिद्ध करता येणार नाही; तिचा सर्व पुरावा आमच्या दोघांच्या ट्रंकेत आहे. आजवर कोणी मागितला नाही, ही गोष्ट निराळी.

हा बदल योग्य की अयोग्य, यावर सुज्ञांत मतभेद आहेत आणि राहतील. परंतु तो उघड्या दाराने आला. विधेयक मांडले गेले, चर्चा झाली, मते पडली, तारीख ठरली. इतर देशांतही असेच घडले. ब्रिटनने भूमीवरील जन्माचा सरसकट हक्क १९८३ पासून आवरला, ऑस्ट्रेलियाने १९८६ मध्ये; दोघांनीही संसदेच्या कायद्याने. आयर्लंडात तो हक्क घटनेत होता, म्हणून २००४ साली सरकारला लोकांपुढे जाऊन त्यांचे मत घ्यावे लागले, आणि लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिले. हक्क ज्या उंचीवर ठेवलेला असेल, त्या उंचीची शिडी आणल्याशिवाय तो खाली काढता येत नाही. अमेरिकेतील वादाचे मर्म आमच्या मते येथेच आहे. तेथे हक्क घटनेत आहे, आणि आणलेली शिडी आहे कार्यकारी आदेशाची.

यावर सरकारपक्षाचे उत्तर असे, की आम्ही घटना बदलीत नाही. तिचा खरा अर्थ काय तो फक्त स्पष्ट करतो. हे उत्तर ऐकून आमच्यासारखा जुना कारकून दचकल्यावाचून राहत नाही. नवा नियम करणाऱ्या परिपत्रकाचे आम्हांस फारसे भय नसते. भय असते ते "शंकानिरसनार्थ कळविण्यात येते की" अशी सुरुवात करणाऱ्या परिपत्रकाचे. शंका कोणास आली होती ते कधीच कळत नाही, आणि निरसन झाल्यावर पूर्वी मिळत असलेली एखादी गोष्ट मिळेनाशी होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली संतराम शर्मा यांच्या प्रकरणात याची सीमा आखून दिली. नियम जेथे मुका आहे तेथे शासनाचा आदेश उणीव भरून काढू शकतो. नियम जेथे बोलतो तेथे त्याच्या विरुद्ध बोलू शकत नाही. शिवाय आणखी एक गोष्ट साध्या बुद्धीस पटत नाही. कलमाचा अर्थ जर १८६८ पासूनच असा होता, तर तो केवळ तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्यांसच का लागू व्हावा? जो अर्थ पुढच्या महिन्याच्या तारखेपासून अंमलात येतो, त्यास आमच्या कचेरीत अर्थ म्हणत नाहीत, दुरुस्ती म्हणतात.

न्यायालयांतही हा आदेश सुखाने चालला नाही. तीनच दिवसांत सिएटल येथील न्यायाधीश जॉन कॉफनोर यांनी तो उघड उघड घटनाबाह्य ठरवून तूर्त रोखला. रेगन यांच्या काळात नेमले गेलेले हे वयोवृद्ध न्यायाधीश. इतर न्यायाधीशांनीही तो देशभर अडविला, तेव्हा सरकारने मूळ प्रश्न बाजूस ठेवून वेगळाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला: एका जिल्ह्याच्या न्यायाधीशास साऱ्या देशापुरता आदेश रोखण्याचा अधिकार आहे काय? २७ जून २०२५ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले, की बहुधा नाही. आणि आदेशाच्या वैधतेस हात लावला नाही. पुढच्याच महिन्यात न्यू हॅम्पशायर येथील न्यायाधीशाने बाधित बालकांचा एक वर्ग मानून त्या वर्गासाठी आदेश पुन्हा थोपविला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्न सुनावणीस घेण्याचे मान्य केले.

जूनमधील त्या निकालाचे महत्त्व आम्हांस मोठे वाटते. अधिकाराविरुद्ध दाद मागण्याचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न त्यात होता. ज्याने न्यायालय गाठले त्यालाच संरक्षण, असे म्हटले की हक्काची वाटणी वकिलाच्या फीप्रमाणे होऊ लागते. सखाराम पंडित सुटतात आणि बाकीचे दाखले गमावतात, हा १९२६ चा अनुभव. त्यातून येथे वादी कोण? ज्याचे नावही अजून ठेवलेले नाही असा जीव.

प्रश्न तेवढ्याच बालकांचाही नाही. त्या देशात दर साली सुमारे ३६ लाख मुले जन्मतात. आजवर इस्पितळाच्या नोंदीवरून मिळालेला जन्मदाखला हाच तेथे नागरिकत्वाचा पुरावा. एकदा मातापित्यांची स्थिती पाहायची असे ठरले, की ती सर्वांचीच पाहावी लागते, कारण पाळण्याकडे पाहून व्हिसा ओळखू येत नाही. मग नागरिकाच्या मुलासही बापाचे कागद दाखवावे लागणार, बापास आजाचे. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरांस हे कोणी समजावून सांगण्याचे कारण नाही. तीन राज्यांत जन्म, शाळा आणि महाविद्यालय झालेल्या मुलाचा अधिवासाचा दाखला काढताना कोणत्या खिडकीवरून कोणत्या खिडकीवर जावे लागते, हे आपण जाणतो. तेथे तरी प्रश्न महाविद्यालयातील जागेचा असतो, देशाचा नसतो.

राज्याची सर्व कामे कागदावाचून चालावीत असे आम्ही म्हणणार नाही. तसे झाल्यास आम्हीच निरुद्योगी होऊ. पगार, पेन्शन, परवाना, जमीन, या साऱ्यांस अर्ज हवा, चौकशी हवी, सही हवी. परंतु एखादी तरी गोष्ट अशी असावी, की जी आमच्या सहीमुळे अस्तित्वात येत नाही, आमची सही तिची केवळ नोंद घेते. ती गोष्ट कोणती असावी हे प्रत्येक देशाने आपल्या घटनेत आणि संसदेत ठरवावे, आणि बदलायचे तर तेथेच बदलावे. अमेरिकेने दीडशे वर्षांपूर्वी, पुष्कळ रक्त सांडल्यानंतर, त्या ठिकाणी जन्म ठेवला. तो तेथून हलवायचा की नाही हे त्या लोकांनी पाहावे. पण जोवर तो तेथे आहे, तोवर त्या खिडकीआड बसलेल्या आमच्या अनोळखी समव्यवसायी बंधूने हाती आलेला कागद आमच्याच क्रमाने वाचावा. आधी सही, मग क्रमांक, मग अधिकार. आणि मजकूर सर्वांत शेवटी.